लेसवाले चॉकलेटी बूट

सोमवारी सकाळी दहा वाजता बाबू म्हणून रुजू व्हायचं होतं, आणि रविवारी दुपारचे तीन वाजले तरी धम्मानंद खोब्रागडेकडे पायात घालायला धड काही नव्हतं. चपला होत्या. दोन जोड. एक ऑफिसची, एक न्हाणीघराची, आणि खरं सांगायचं तर दोन्हींत आता फारसा फरक उरला नव्हता.

सव्वीस वर्षं तो नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात शिपाई होता. घंटी वाजली की उठायचं, फाइल न्यायची, पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचा, साहेबाच्या पाहुण्याला चहा द्यायचा. मूळचा भिवापूरकडचा. आई-बाप मिरच्यांचे डेठ खुडायला जात, आणि लहानपणी त्या हातांनी भरवलेल्या घासालाही तिखट लागे, असं तो हसून सांगत असे. नोकरी लागली तेव्हा गावात जेवण घातलं होतं. शिपाई का असेना, सरकारी होता.

मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो मराठी टायपिंगच्या क्लासला जाऊन बसला. आजूबाजूला कॉलेजच्या पोरी, खटाखट बोटं चालायची त्यांची. ह्याची बोटं फाइली उचलून जाड झालेली. एक अक्षर दाबायला जाई तर दोन उमटत. पोरी त्याला काका म्हणत आणि त्याच्या चुका मोजत. दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला, तेव्हा त्याच पोरींनी त्याला पेढे भरवले. पुढे दोन वर्षं बढतीचा कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, आणि शुक्रवारी हुकूम हातात आला. कनिष्ठ लिपिक. सोमवारी मध्यान्हपूर्व रुजू व्हावे.

घरात आनंद झाला, तो शनिवारपर्यंत टिकला. शनिवारी वेदिकानं, म्हणजे त्याच्या मुलीनं, विचारलं, "बाबा, पायात काय घालून जासान?"

"चपला आहेत ना."

"चपला घालून बाबू?"

तो उठून कोपऱ्यातल्या चपला सरळ करायला लागला. चपलेचं एक गुपित होतं, आणि ते घरात कोणाला माहीत नाही अशी त्याची समजूत होती.

गुपित असं, की साहेबाच्या खोलीत जाताना तो चपला दाराबाहेर काढून जायचा. दिवसातून वीस वेळा जायचं असो की तीस वेळा. बाकीचे शिपाई चपला-बुटांसकट आत जात. बाबू जात, चहावाला जात असे, पंखा दुरुस्त करणारा तर टेबलावर चढे. एकटा धम्मानंद अनवाणी. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कोणी हुकूम काढला नव्हता. पण सव्वीस वर्षं एखादी गोष्ट केली की ती नियमाहून पक्की होते. दारापाशी आलं की मेंदूला न विचारता पाय चपलेतून बाहेर येत.

आता बाबू झाल्यावर काय करायचं? काढल्या तर काय झालो बाबू. न काढाव्या तर तेच दार, तीच माणसं, आणि सगळ्यांचे डोळे पायांकडे. शुक्रवारपासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पगार वाढला, टेबल मिळणार, ते राहिलं बाजूला. माणूस एका उंबरठ्याला अडून बसला होता.

रविवारी तिघं बर्डीच्या बाजारात बूट घ्यायला गेली. मे महिना, बर्डीचा रस्ता तापून फुललेला, डांबरात चप्पल रुतत होती. त्याच्या बायकोनं, मायाबाईनं, डोक्यावरून पदर घेतला होता, वेदिकानं तोंडाला स्कार्फ बांधला होता, आणि धम्मानंद मधोमध असा चालत होता, जसं काही त्याला दाढ काढायला नेत आहेत.

दुकान अरुंद होतं. आत कूलर धडधडत होता. वामनराव म्हणून एक पिकल्या केसांचे विक्रेते होते. चाळीस वर्षं लोकांच्या पायांशी बसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, पण ग्राहक आला की अजून स्वतःच बुटक्या स्टुलावर बसत. त्यांनी आधी तोंडाकडे पाहिलंच नाही. पायाकडे पाहिलं.

"सायंकाळच्या अंगानं आले, बरं केलं. सकाळी माप घेतलं का दुपारी बूट चावते. पाय दिवसभरात फुगते."

त्यांनी धम्मानंदचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवला. "पंजा पसरला आहे, भाऊ. जन्मभर चपलाच घातल्या दिसते. टोकदार बूट तुमाले नाही चालणार, करंगळी मरन. कायले पायजे? लग्नाले?"

"ऑफिसले," मायाबाई म्हणाली. "पण लग्नाले बी चालले पायजे. अन् मयतीले बी. एकच जोड घ्याची आहे."

"पॅन्टी कोणत्या रंगाच्या?"

"एक राखाडी. एक निळी, गडद. एक बिस्किटी, ते भाच्याच्या लग्नात आहेर आला होता."

"मंग काळा नोको," वामनराव म्हणाले. "बिस्किटी पॅन्टवर काळा बूट म्हणजे सुटीवरचा पोलीस. हा टॅन बी नोको, दिसते झकास, पण हा नवरदेवाचा रंग. चॉकलेटी घ्या. गडद चॉकलेटी. राखाडीवर चालते, निळीवर चालते, बिस्किटीवर तं राजा दिसते. धूळ दिसत नाही. पुढून साधा पायजे, फुलं-नक्षी काही नोको. फुलाफुलाचा बूट लग्नात शोभते, ऑफिसात हसते लोक."

मग त्यांनी बूट असा दुमडून दाखवला, तळवा नखानं उचकटून पाहिला, आतून हात फिरवला. "नुसता चिटकवला असला तं नागपूरच्या गरमीत दोन महिन्यांत तोंड उघडते. हा शिवलेला आहे. पाहा शिलाई."

धम्मानंदनं पाहिली. शिलाई चांगली होती.

वामनरावांनी दोन डबे आणले आणि दोन जोड समोर मांडले. दोन्ही गडद चॉकलेटी, दोन्ही साधे, दोन्ही एकाच मापाचे. फरक एवढाच की एकाला लेस होती आणि दुसऱ्याला नव्हती. बिनालेसच्या बुटाला दोन बाजूंना रबराची पट्टी होती. पाय सरकवला की आत, टाच उचलली की बाहेर.

धम्मानंदचा हात आपोआप बिनालेसच्या जोडाकडे गेला. आणि त्याच क्षणी वेदिका म्हणाली, "लेसचे."

"बिनालेसचेच बरे," मायाबाई म्हणाली. "विहारात जा लागते, तिथं काढा. घरी आलं का उंबऱ्यात काढा. लग्नात पंगतीले बसा लागलं का काढा. कुठं कुठं वाकून बसन हे माणूस लेस सोडत? कमरीचं दुखणं आहे त्याहिले."

"आई, ऑफिसात लेसचेच शोभतात."

"तुह्या लॅबमधले डॉक्टर घालतात का लेसचे?"

"तुले काय करायचं डॉक्टरशी? मी बाबाचं सांगून राहिली."

"मी बी बाबाचंच सांगून राहिली. तू घालून देशील का रोज सकाळी? नाही ना? मंग?"

वामनराव कसलेले होते. अशी भांडणं दिवसाला चार होत. ते म्हणाले, "काकाच सांगतील ना. पाय त्यांचे आहेत."

धम्मानंदनं बिनालेसच्या बुटात पाय घातला. किती सोपं! उभा राहिला, दोन पावलं चालला, आणि मनात त्यानं दारापर्यंत जाऊन पाहिलं. टाच उचलली. बूट निघाला. आत गेला. परत आला. पाय सरकवला. कोणाला कळायच्या आत. मनाचा ताण सैल झाला, आणि त्याचं त्यालाच फार वाईट वाटलं. तरी तो म्हणाला, "हे द्या."

"नाही!" वेदिका इतक्या जोरात बोलली की शेजारी सँडल पाहत असलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

"पोट्टी, ओरडून काहून राहिली?" मायाबाई चिडली.

"हे घेतले तर ते परत दारात काढतील!"

"कोणत्या दारात?"

वेदिकाच्या तोंडून शब्द निघून गेला होता. तिनं स्कार्फ खाली ओढला. धम्मानंदचं तोंड पांढरं पडलं.

सात वर्षांपूर्वी, पंधरा वर्षांची असताना, शाळेच्या फॉर्मवर बापाची सही घ्यायला ती ऑफिसात आली होती. लांबलचक व्हरांडा, आणि एका दाराबाहेर एक चपलांचा जोड. एकच. पट्टा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. आईनंच शिवलेला, घरी दुसरा दोरा नव्हता म्हणून. दार अर्धं उघडं होतं. आत बाप अनवाणी उभा, हातात चहाचा ट्रे, आणि टेबलाखाली साहेबाचे बूट एकावर एक चढवलेले. ती सही न घेताच परत गेली. फॉर्म शाळेतच विसरला, असं घरी सांगितलं. त्या विसराळूपणासाठी आईनं एक धपाटाही दिला होता.

आता तिनं ते सगळं चार वाक्यांत सांगितलं. खाली मान घालून, भराभर.

कूलर तेवढा धडधडत होता. वामनराव उठले, काउंटरमागे गेले आणि एक चकचकीत बूट उगाच पुन्हा पुसू लागले.

"सात वर्षं झाली," धम्मानंद म्हणाला. "सात वर्षं तू मले बोलली नाही."

"तुमीच कुठं बोलले?"

"तुले नाही समजत त्यातलं."

"कोणं सांगतलं होतं काढाले? साहेबानं?" वेदिकानं विचारलं.

"नाही."

"मंग कोणं?"

त्यानं पायातले बूट काढून डब्याजवळ ठेवले. मायाबाई त्याच्याकडे पाहत होती. सव्वीस वर्षं हा माणूस घरी आला की आधी पाय धुवायचा, विटकरीच्या तुकड्यानं तळवे घासायचा. ती म्हणायची, चपला घालता तरी तळवे इतके काळे कसे? तो म्हणायचा, रस्त्याची धूळ. तिनं कधी पुढे विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात? आता तिला ते सगळं न्हाणीघरातलं काळं पाणी आठवलं.

ती वाकली. बिनालेसचा जोड उचलला, डब्यात घातला, झाकण लावलं.

"भाऊ," ती वामनरावांना म्हणाली, "लेसचे बांधा."

"माया, माही कंबर..."

"कमरीले मी तेल लावीन. लेसचे बांधा, भाऊ."

घरी जायला तिघांनी ऑटो केला. बुटांचा डबा मायाबाईच्या मांडीवर होता आणि तिनं तो दोन्ही हातांनी असा धरला होता, जसा काही त्याला कोणी पळवून नेणार आहे.

सोमवारी तो पहाटेच उठला. राखाडी पॅन्ट, पांढरा शर्ट. मोजे घालायचे राहिले होते, ते पुन्हा बूट काढून घातले. लेस त्यानं स्वतःच बांधली. मायाबाई "मी बांधून देऊ का" म्हणाली तर "लहान आहो का मी" असं खेकसला. वेदिकानं स्कूटर काढली. इंदोरा चौकातून पुढे जाताना तो मागे बसून एकदाच बोलला, "हळू घे वं."

"हळूच चालवून राहिली, बाबा."

"अजून हळू घे."

ऑफिसच्या फाटकाशी तिनं त्याला सोडलं. "जाऊ मी?" म्हणाली. "जा," तो म्हणाला. ती गेली नाही, हे त्याला नंतर कळलं.

जिन्यावरच अंकुश भेटला. अंकुश म्हणजे दुसरा शिपाई, चाळिशीचा, ढेरी सुटलेला, बातम्यांचं गाठोडं. त्यानं आधी बुटांकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला.

"जय भीम, धम्मानंदभाऊ. अरे बाप्पा, काय बूट आहेत! एक सांगू? बडे बाबूनं शर्त लावली तुमच्यावर."

"कायची शर्त?"

"का तुमी नव्या मॅडमसाहेबाच्या दारात बूट काढता म्हणून. अख्ख्या सेक्शनची तर्री-पोह्याची शर्त. बडे बाबू म्हणते, काढनच तो. बाकी म्हणतात, नाही काढणार."

"अन् तू?"

अंकुश मान खाजवत म्हणाला, "मी कोणाच्याच बाजूनं नाही, भाऊ. मले दोन्हीकडून पोहे भेटणार."

धम्मानंदनं जिन्याचा कठडा घट्ट धरला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माहीत तर असणारच. चपला काय अदृश्य होत्या? पण आपल्या एका लाजेवर दहा माणसं पोहे खाणार, हे त्याला नवं होतं.

टेबल त्याला खिडकीजवळचं मिळालं होतं. तो बसला. खुर्ची मागे-पुढे करून पाहिली. सेक्शनमधले सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले होते आणि एकाचंही डोकं कागदात नव्हतं. बडे बाबू, म्हणजे सेक्शनचे मुख्य लिपिक, चष्म्यावरून पाहत होते. माणूस वाईट नव्हता, फक्त दुसऱ्याचं दुखणं त्यांना करमणुकीसारखं वाटे.

तेवढ्यात घंटी वाजली. मॅडमची. आणि धम्मानंद ताडकन उठून उभा राहिला. दारापर्यंत गेलासुद्धा. तिथं त्याची अंकुशशी टक्कर झाली.

सेक्शन हसला. "बसा गा, धम्मानंद!" बडे बाबू म्हणाले. "ते घंटी आता तुमची नाही."

तो परत येऊन बसला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. अंकुश आत गेला, बाहेर आला, आणि दारातूनच म्हणाला, "खोब्रागडेबाबू, मॅडमनं बलावलं. रुजू अहवाल घेऊन या."

बाबू हा शब्द पहिल्यांदा कोणी त्याला म्हटला, आणि त्याचं लक्षही गेलं नाही. त्यानं अहवालाचा कागद उचलला. व्हरांड्यात आला. बूट वाजत होते. ह्या व्हरांड्यात त्यानं हजारदा येरझाऱ्या घातल्या होत्या, पण स्वतःच्या पावलांचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. टक, टक. कोणी दुसराच चालतो आहे असं वाटून त्यानं एकदा मागे पाहिलं. मागे सेक्शनचं दार होतं, आणि दारात चार-पाच डोकी एकावर एक.

मॅडमचं दार आलं.

आणि तो वाकला.

काय करणार! काल दुकानातच ठरवलं होतं, रात्रभर घोकलं होतं, बायकोनं डबा मांडीवर धरून आणला होता. तरी दार आलं आणि कंबर वाकली. हात टाचेकडे गेला. टाच निघेना. मग बोटं लेसकडे गेली, लेस ओढली, आणि गाठ आणखी आवळली गेली.

कारण सकाळी त्यानं लेस बांधली होती ती बस्त्याची गाठ मारून. जुन्या फाइलींचे गठ्ठे लाल कापडात बांधतात ना, त्याला बस्ता म्हणतात, आणि सव्वीस वर्षं त्याच्या हातांनी दुसरी कुठली गाठ मारली नव्हती. ह्या गाठीचा गुण असा की ती दहा वर्षं कपाटात पडली तरी ढिली होत नाही. ओढाल तितकी घट्ट बसते. रेकॉर्ड रूममध्ये ती सोडवायला सुई लागते, नाहीतर दात.

त्यानं नखानं उचकटून पाहिलं. घामानं बोटं सरकत होती. मागून कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी "शूऽऽ" केलं. एक पाय सोडून त्यानं दुसरा धरला. तिथंही तीच गाठ. त्याचं डोकं खाली, कागद काखेत, श्वास कोंडलेला. दात लावायचे का? सरकारी व्हरांड्यात, बावन्नाव्या वर्षी, बाबू होऊन?

"कोण आहे दारात?" आतून आवाज आला. "खोब्रागडे? अहो, या ना आत. दार उघडं राहिलं की एसी जातो."

तो उभा राहिला. पुढे बघितलं. आणि आत गेला. बुटांसकट.

गार्गी मॅडमना बदलून येऊन दोनच महिने झाले होते. पुण्याकडच्या. वय तिशीचं, वेदिकाहून थोडंच मोठं. त्यांनी अहवाल वाचला, सही केली, वेळ लिहिली, शिक्का त्यांचा त्यांनीच मारला. "बसा," म्हणाल्या.

ह्या खोलीत बसायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

मॅडम पेन बंद करत जरा थांबल्या. "एक विचारू का? रागावू नका. मी आल्यापासून बघतेय, पण म्हटलं, खासगी गोष्ट असेल. तुमचा नवस फिटला का?"

"नवस?"

"तुम्ही अनवाणी यायचात ना आत. मला वाटलं, काही व्रत असेल. आमच्या शेजारी एक काका होते, मुलाचं लग्न ठरेपर्यंत चप्पल घालायची नाही म्हणून... तसं काही." त्यांचा आवाज खरोखर अदबीचा होता.

धम्मानंदला हसू यावं की रडू, कळेना. आजोबा छप्पन साली पायी चालत नागपूरला आले, नवस-सायास सगळे मागे ठेवून दीक्षा घेतली, आणि नातवाच्या पायांना चिकटला तो नवसच.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "नवस नोहता. गालिचा होता."

"गालिचा?"

मग त्यानं सांगितलं. बायकोला नाही, मुलीला नाही, ह्या परक्या पोरीला सांगितलं. नोकरीचा पहिला आठवडा. बाहेर नाली खोदलेली, चिखल. साहेबाच्या खोलीत नवा लाल गालिचा टाकलेला. तो फाइल घेऊन आला आणि मागे त्याच्या चपलांचे ठसे उमटले, दारापासून टेबलापर्यंत. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ठशांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. बस. दुसऱ्या दिवशी त्यानं चपला बाहेर काढल्या.

"ते साहेब दीड वर्षानं गेले, मॅडम. गालिच्याले उधई लागली, पोखरून खाल्ला तिनं, आम्हीच नेऊन फेकला. त्याच्यानंतर तुमी धरून नऊ साहेब झाले."

"मग तुम्ही पुन्हा घालून का नाही आलात?"

"कोणं म्हटलंच नाही का घाल." तो थांबला. "मी वाट पाहत होतो, मॅडम. का कोणी तरी म्हणन. मंग वाट पाहाची बी सवय झाली."

मॅडमची नजर खाली गेली. फरशी होती, साधी, पांढरी, कोपऱ्यात जरा फुटलेली.

"मी दोन महिन्यांत विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"मी बी सांगाले पायजे होतं."

मॅडमनी एक फाइल त्याच्याकडे सरकवली. "ह्याचं उत्तर तयार करून आणा. आज जमेल?"

"जमन."

सेक्शनमध्ये तोवर मोठा वाद पेटला होता. बडे बाबू म्हणत होते, "वाकला तं होता! सगळ्याहिनं पायला!"

"शर्त काढाची होती, बाबूजी, वाकाची नाही," अंकुश म्हणाला.

"वाकला म्हणजे अर्धं काढल्यासारखंच झालं."

"मंग तुमी अर्धे पोहे द्या. तर्री मातर पुरी पायजे."

धम्मानंद आला तसे सगळे आपापल्या कागदांत शिरले. तो टेबलाशी गेला, फाइल ठेवली आणि खिडकीतून सहज खाली पाहिलं. फाटकाजवळ, रसवंतीच्या आडोशाला, वेदिका उभी होती. स्कार्फ सुटलेला, तोंड उन्हानं लाल, आणि डोळे वर ह्याच मजल्यावर लागलेले. लॅब बुडवली होती पोरीनं.

तो खाली उतरला. फाटकापर्यंत पोहोचेस्तोवर उजव्या पायाची करंगळी ठणकायला लागली होती.

ती दोन पावलं पुढे आली. विचारायची हिंमत होत नव्हती तिला. शेवटी म्हणाली, "काढले?"

"नाही."

तिचा चेहरा असा उजळला, की त्याला वाटलं, एवढ्यावरच थांबावं. पोरगी जन्मभर सांगेल, माझा बाप छाती काढून आत गेला. पण सात वर्षं तिनं त्याच्यासाठी खोटं पोटात ठेवलं होतं. आता हे आणखी एक कशाला?

"गाठ सुटली नाही," तो म्हणाला. "बस्त्याची मारली होती. सुटली असती तं काढले असते, बेटा. वाकलो होतो मी. सगळ्याहिनं पायलं."

वेदिका त्याच्या बुटांकडे पाहत राहिली. दोन्ही गाठी ओढून-ताणून काळ्या पडल्या होत्या, नखांचे ओरखडे दिसत होते. रसवंतीवाला ग्लास पुढे करून कधीचा उभा होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"अन् उद्या?" तिनं विचारलं.

धम्मानंदनं रसाचा ग्लास घेतला, अर्धा प्याला, उरलेला तिला दिला.

"उद्या बी तेच गाठ मारीन," तो म्हणाला. "आता तू जाय लॅबमध्ये. मले एक पत्र टाइप कराचं आहे."

आणि जरा लंगडत तो आत गेला.